शांत बसून काय बरं होतं?

सौंसर तालुक्यात जामसावळीला पिंपळाखाली निजलेला मारुती आहे. विदर्भातून, छिंदवाड्याकडून लोक दर्शनाला येतात, आणि त्यांत मनानं आजारी असलेल्या माणसाला घेऊन आलेली कुटुंबं नेहमी दिसतात. कुणी आरती होईपर्यंत थांबतं, कुणी पथारी टाकून मुक्कामालाच राहतं. ऑगस्ट २०२३मध्ये इथं ‘हनुमान लोक’ या मंदिर-परिसराच्या प्रकल्पाचं भूमिपूजन झालं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सौंसर आणि पांढुर्णा मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. या जिल्ह्यातल्या मनाच्या स्वास्थ्याबद्दल लिहायचं तर जामसावळीला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

मनाच्या दुखण्यावर या पट्ट्यात इतरही वाटा आहेत. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचं सामुदायिक ध्यान आणि प्रार्थना आहे. नागपूरजवळ माहुरझरीला विपश्यनेचं केंद्र आहे. मध्य प्रदेश सरकारनं २०१६मध्ये आनंद विभाग काढला. असा विभाग काढणारं ते देशातलं पहिलं राज्य. त्याच्या ‘अल्पविराम’ कार्यक्रमात सरकारी कर्मचाऱ्यांना थोडा वेळ गप्प बसवून स्वतःच्या आत डोकावायला सांगतात. शिवाय ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर ध्यानाची ॲप आहेतच. वाटा वेगळ्या असल्या, तरी भटकणारं मन जागेवर आलं की बरं वाटतं ही समजूत या बहुतेकांमागे आहे. मानसशास्त्र याला माइंडफुलनेस म्हणतं. आपण सजगता म्हणू. गेल्या चार दशकांत सजगतेवर हजारो शोधनिबंध निघाले. त्यांतून नक्की काय हाती लागलं आणि त्यातलं कितीसं या संत्रा-कापसाच्या मुलखाला लागू पडतं, हे इथं पाहायचं आहे.

गरज किती मोठी आहे, ते आधी सांगायला हवं. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशासह १२ राज्यं होती. देशभरात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी एखादा मानसिक आजार होता. मध्य प्रदेशात हे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास निघालं, आणि आजारी असलेल्या दहांपैकी नऊ जणांना कसलाही उपचार मिळत नव्हता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीत गोटमार, म्हणजे दोन गावांची दगडफेक, होते, तेव्हा जखमींसाठी नदीकाठी वैद्यकीय पथकं सज्ज असतात. फुटलेल्या डोक्याला टाका घालणारा माणूस पन्नास पावलांवर मिळतो. आतून मोडलेल्या माणसाला मात्र नागपूरची बस धरावी लागते, आणि तीही घरच्यांनी ‘हे आजारपण आहे’ असं मानलं तर.

सजगता म्हणजे चालू क्षणात जे घडतंय, श्वास, अंगातली कळ, आलेला विचार, त्याकडे मुद्दाम आणि बरं-वाईट न ठरवता लक्ष देणं. मुळं बौद्ध परंपरेतली, सतिपट्ठान सुत्तातली. दवाखान्यात तिला आणलं जॉन काबाट-झिन यांनी. १९७९मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात त्यांनी जुनाट वेदनेच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला, जो पुढे आठ आठवड्यांचा म्हणून रूढ झाला: आठवड्यातून एकदा अडीच तास एकत्र बसायचं, घरी रोज पाऊण तास सराव. धर्माचं नाव काढून टाकलं, बैठक ठेवली. त्याच्या दहा वर्षं आधी, १९६९मध्ये, सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातून भारतात आले होते आणि मुंबईत त्यांचं पहिलं विपश्यना शिबिर झालं होतं. पुढे १९७६मध्ये इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली. म्हणजे हे पश्चिमेकडून आलेलं खूळ आहे असं म्हणणाऱ्यांनी कसारा घाटाच्या वरच्या अंगाला पाहावं.

स्वास्थ्य म्हणजे काय, यावर मानसशास्त्रात दोन मतं आहेत. एका मताप्रमाणे बरं वाटणं, समाधान असणं, वाईट भावना कमी असणं म्हणजे स्वास्थ्य. दुसरं मत कॅरल रिफ यांनी १९८९मध्ये मांडलं: स्वतःला स्वीकारणं, चांगली नाती, स्वतःच्या निर्णयावर चालणं, परिस्थिती हाताळता येणं, जगण्याला हेतू असणं आणि वाढत राहणं. पहिल्यात माणूस एकटाही बसू शकतो. दुसऱ्यातली नाती आणि परिस्थिती मात्र एकट्याच्या हातात नाहीत, आणि पुढचा सारा वाद तिथूनच निघतो.

सजगता आतून काम कशी करते, हे जवळून पाहू. मृग बहाराचं संत्र झाडावर आहे. व्यापारी बगीचा पाहून गेला, भाव सांगितला, ‘परवा येतो’ म्हणाला आणि आला नाही. फळगळ सुरू झाली आहे. रात्री अडीचला शेतकऱ्याला जाग येते. आधी व्यापाऱ्याचा विचार. मग सोसायटीचं कर्ज. मग मुलीची फी. मग मागच्या गारपिटीत गेलेला आंबिया बहार. मग भावानं तेव्हा काढलेला शब्द. आणि शेवटी, ‘आपल्याच्यानं काही होत नाही.’ पहाटेपर्यंत हेच वाक्य फिरत राहतं आणि सकाळी बगीच्यात जायला पाय उचलत नाही. बायको विचारते तर म्हणतो, ‘डोकं भणभण करते.’ भाव न मिळणं हे खरं दुःख आहे. पण शेवटचं वाक्य बाजारानं दिलेलं नाही, ते मनानं जोडलेलं आहे. बुद्धानं सल्ल सुत्तात हेच दोन बाणांच्या उदाहरणानं सांगितलं: पहिला बाण लागतोच, दुसरा आपण आपल्याला मारून घेतो.

सजगतेचा वर्ग या दुसऱ्या बाणापाशी काम करतो. विचार थांबवायला तो सांगत नाही. विचारांची साखळी जुळू लागली की ती ओळखायची, ‘हा विचार आला’ असं म्हणायचं, लक्ष पाठीवर, पावलांवर, श्वासावर आणायचं. ते पुन्हा जाईल, पुन्हा आणायचं. मन भटकण्याचा आणि दुःखी असण्याचा संबंध किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१०मध्ये दाखवला. त्यांनी २,२५० प्रौढांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारलं, की आता काय करता आहात, मन कुठं आहे, कसं वाटतंय. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि ते जागेवर नसताना लोक कमी सुखी होते. त्याआधी २००३मध्ये ब्राउन आणि रायन यांनी १५ प्रश्नांची मोजपट्टी करून दाखवलं होतं, की रोजच्या जगण्यात जास्त सजग असणारी माणसं अधिक समाधानी आणि कमी चिंतातुर असतात.

इथं एक मेख आहे आणि ती प्रचारात सहसा सांगितली जात नाही. नुसतं लक्ष देणं पुरत नाही. रुथ बेअर आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये सजगतेचे पाच पैलू वेगळे केले. ज्यांनी कधी ध्यान केलेलं नाही, त्यांच्यात ‘निरीक्षण’ हा पैलू जास्त असला की त्रासही जास्त आढळला. ते समजण्यासारखं आहे. छातीच्या धडधडीकडे दिवसभर लक्ष असलेला माणूस सजग नव्हे, घाबरलेला असतो. त्या धडधडीला थोडी जागा देणं, तिच्याशी न झगडणं, हा स्वीकार सोबत आला तरच निरीक्षणाचा उपयोग. म्हणून ‘फक्त आत पाहा’ एवढंच सांगून कुणाला एकट्याला सोडून देणं मला धोक्याचं वाटतं.

आता उपचार म्हणून काय सिद्ध झालं? २०१४मध्ये गोयल आणि सहकाऱ्यांनी ४७ चाचण्या, साडेतीन हजार माणसं, एकत्र पाहिली. चिंता, उदासी आणि वेदना यांत ध्यानाचा फायदा मध्यम ते लहान, पण खरा होता. औषध, व्यायाम किंवा दुसऱ्या मानसोपचारापेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. २०२१मध्ये १३६ चाचण्यांचा आणखी मोठा आढावा झाला, सूर तोच: काहीच न करण्यापेक्षा सजगतेचा वर्ग बरा, पण दुसरं काही नेटानं करणाऱ्यांच्या तुलनेत तो खास वरचढ नाही. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत चिंतेचा विकार असलेल्या २७६ जणांना दोन गटांत वाटलं. एकाला आठ आठवड्यांचा वर्ग, दुसऱ्याला एस्सिटॅलोप्रॅमची गोळी. शेवटी दोन्ही गट सारखेच सुधारले. यातून गोळी वाईट ठरत नाही. ज्याला गोळी सोसत नाही किंवा नको आहे, त्याच्यासाठी दुसरी सच्ची वाट आहे, इतकंच ठरतं. चालू असलेली गोळी शिबिरासाठी आपल्या मनानं बंद करणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

नैराश्याच्या बाबतीत पुरावा सर्वांत भक्कम आहे, आणि तिथंच तो आपल्या भागासाठी सर्वांत बोलकाही आहे. सीगल, विल्यम्स आणि टीझडेल यांनी काबाट-झिन यांच्या वर्गाला मानसोपचाराची जोड दिली. २०००मधल्या त्यांच्या चाचणीत तीन किंवा जास्त वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी ६६ टक्क्यांना एरवी ते पुन्हा आलं. वर्ग केलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होतं. पण दोनदाच नैराश्य आलेल्यांना उपयोग झाला नाही. असं का? मा आणि टीझडेल यांनी २००४मध्ये पुन्हा चाचणी घेतली तेव्हा उलगडा झाला. ज्यांचं नैराश्य आतल्या रवंथातून, बाहेर विशेष काही न घडता परततं, त्यांना वर्ग उपयोगी पडतो. ज्यांना मृत्यू, ताटातूट, मोठं संकट अशा घटनेनं खाली पाडलं, त्यांच्यात तो परिणाम फार कमी.

हा निष्कर्ष पांढुर्ण्यात बसून वाचावा. गारपीट, कर्ज, पडलेला भाव, घरातली दारू, मारहाण: इथल्या पुष्कळ उदासीला बाहेर कारण आहे आणि ते चालू आहे. रात्री अडीचचा दुसरा बाण सजगता काढू शकते. पहिला काढायचा तर पीक विमा वेळेवर मिळावा लागतो, मंडईत भाव मिळावा लागतो, मार खाणाऱ्या बाईला राहायला जागा मिळावी लागते. आनंद विभागाच्या कल्पनेला माझा विरोध नाही. सरकारी टेबलामागचा माणूसही थकलेला असतो, त्याला पंधरा मिनिटं गप्प बसायला मिळालं तर चांगलंच. पण ज्या राज्यात दहांपैकी नऊ आजारी माणसांना उपचार मिळत नाहीत, तिथं आधी डॉक्टर आणि औषध गावाजवळ आणणं हे सरकारचं काम आहे.

आत पाहण्याआधी बाहेरचं कारण दूर करा, हा आक्षेप नागपूरच्या परिसरात जुना आहे. १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली आणि या भागातल्या हजारो घरांत बुद्ध आला. १९५७मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी दुःखाचं मूळ माणसानं माणसाला दिलेल्या वागणुकीत दाखवलं. डोळे मिटून बसण्यापेक्षा समाजातला अन्याय दूर करणं त्यांना धम्माच्या केंद्रस्थानी हवं होतं. आजही आंबेडकरी कार्यकर्त्यांत विपश्यनेवरून वाद होतो: ती मन खंबीर करते की माणसाला गप्प करते? मला वाटतं, दोन्ही होऊ शकतं, आणि कोण, कुणाला, कशासाठी बसवतं यावर ते ठरतं. १९९४मध्ये तिहार तुरुंगात किरण बेदी यांच्या काळात हजारावर कैद्यांचं विपश्यना शिबिर झालं. ते लक्षात राहिलं याचं एक कारण असं, की त्याच काळात तुरुंगात शिक्षण, तक्रारपेटी अशा सुधारणाही चालू होत्या.

मुलांच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात शाळांमध्ये ‘मित्र उपक्रम’ या नावानं आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवणं, शिकवलं गेलं. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांवर मुलांची मोठी चाचणी २०२२मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा सजगतेच्या तासांचा जास्त फायदा दिसला नाही, आणि आधीच त्रासात असलेल्या मुलांचं थोडं नुकसान झालं असावं असेही संकेत मिळाले. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. वर्गभर मुलांना सक्तीनं डोळे मिटायला लावून कुणाचं भलं होत नाही.

मोठ्यांमध्येही ध्यानानं त्रास होऊ शकतो. २०२०मध्ये ८३ अभ्यासांचा आढावा झाला. सुमारे ८ टक्के लोकांना ध्यानात किंवा नंतर काही वाईट अनुभव आला होता, बहुतेकदा चिंता किंवा उदासी वाढल्याचा. विपश्यनेच्या दहा दिवसांत पहाटे चारला उठायचं, दिवसातून सुमारे दहा तास बसायचं आणि आर्य मौन पाळायचं असतं. निरोगी माणसाला हे शिबिर मोठं बळ देऊन जातं. मोफत असतं, दानावर चालतं, आणि गरिबाला सहज मिळणारी मनाची अशी दुसरी शिस्त मी पाहिलेली नाही. पण अर्जात मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारलेलं असतं ते कारणाशिवाय नाही. भास होणाऱ्या, झोप उडालेल्या, जीव देण्याचे विचार येणाऱ्या माणसाला मौनात एकटं बसवू नये. ती माहिती लपवून शिबिराला पाठवणारे नातेवाईक त्याचं भलं करत नाहीत.

आता सोबतीकडे येतो, कारण माझ्या मते या साऱ्या संशोधनात सर्वांत कमी मोलानं मोजलेली गोष्ट तीच आहे. विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये २७४ जणांची चाचणी घेतली आणि त्यात एक हुशारी केली. एका गटाला सजगतेचा पूर्ण वर्ग दिला. दुसऱ्याला तसाच वर्ग, तसंच एकत्र बसणं आणि बोलणं, फक्त ध्यान वगळून. नैराश्य परतण्याचं प्रमाण एका गटात ४६ टक्के आणि दुसऱ्यात ५० टक्के निघालं, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. लहानपणी खूप सोसलेल्यांना मात्र ध्यान असलेला वर्ग जास्त उपयोगी पडला. आठवड्यातून एकदा आपल्यासारख्याच दुखऱ्या माणसांसोबत बसणं, आपलं कुणीतरी ऐकणं, यानंच बराचसा फायदा होत असावा.

तुकडोजी महाराजांना हे फार आधी कळलं होतं असं मी म्हणेन. १९०९मध्ये जन्मलेल्या या संतानं तरुणपणी रानावनात एकट्यानं ध्यान केलं, आणि गावात आल्यावर ध्यानाला ‘सामुदायिक’ केलं. अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला गुरुकुंज उभा राहिला. तिथून पहाटेचं ध्यान आणि सायंकाळची प्रार्थना गावोगाव गेली. चित्र साधं असतं: सारवलेली किंवा सतरंजी टाकलेली जागा, समोर अधिष्ठान, सरळ रांगेत बसलेली माणसं, मागे-पुढे जातीचा हिशेब नाही. प्रार्थना संपली की लोक लगेच उठत नाहीत. कुणाची म्हैस आजारी आहे, कुणाचा मुलगा दोन दिवस घरी आला नाही, तिथंच समजतं. कुणी आठवडाभर दिसलं नाही तर विचारणा होते. ॲपवर एकट्यानं केलेल्या ध्यानात ही विचारणा नाही.

बायकांकडे मात्र या साऱ्यात दुर्लक्ष झालं. मानववंशशास्त्रज्ञ व्हिएडा स्कल्टन्स यांनी महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरात मानसिक रुग्णांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि १९८७मध्ये तो प्रसिद्ध केला. तिथं बहुतेकदा रुग्णाच्या नव्हे, त्याच्या आईच्या किंवा बायकोच्या अंगात येत असे. घरच्याचं दुखणं आपल्यावर यावं आणि तो सुटावा, अशी त्यांची भावना होती. जामसावळीच्या आवारातही रुग्णासोबत कोण आहे ते पाहावं: आई, बायको, बहीण. महिनोन्‌महिने त्याच राखण करतात. ‘जीव घाबरते, मन कशातच लागत नाही,’ असं त्याही सांगतील, पण कुणी विचारलं तर. त्यांना रोज पाऊण तास सराव करा म्हणणं म्हणजे थट्टा आहे. कापूस वेचणीहून परतलेल्या बाईला पाऊण तास मिळत नाही. आठवड्यातून एकदा दुसऱ्या बायकांसोबत तासभर बसणं मात्र जमू शकतं.

मंदिरात राहण्यानं काही होतं का, याचंही उत्तर संशोधनात आहे. तामिळनाडूतल्या एका मंदिरात राहिलेल्या ३१ मनोरुग्णांची निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी पाहणी केली आणि ती २००२मध्ये प्रसिद्ध केली. काही आठवड्यांत त्यांची लक्षणं जवळजवळ २० टक्क्यांनी कमी झाली, खास औषधाशिवाय. तिथं त्यांना मारलं-बांधलं जात नव्हतं, कुटुंब सोबत होतं, रोज छोटी कामं होती, कुणी वेडं म्हणत नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी, ६ ऑगस्ट २००१ला, त्याच राज्यातल्या एरवाडीला दर्ग्याजवळच्या आश्रयगृहात आग लागली आणि साखळीला बांधलेले २८ रुग्ण जळून मेले. श्रद्धेची जागा या दोन्हींतलं काहीही होऊ शकते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीनं बांधण्यावर बंदी घातली आहे, आणि ती प्रत्येक धर्मस्थळाला लागू आहे. गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ एकत्र आणली: मुजावर रुग्णाला आवारातल्याच मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो, श्रद्धेला धक्का न लावता. हनुमान लोक हा कोट्यवधी रुपयांचा प्रकल्प आहे. त्या आराखड्यात मानसोपचाराची एक खोली असावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

सजगतेचा वर्ग इथं काढायचा तर तो इथल्या बोलीत हवा. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. कार्यालयाची भाषा हिंदी, घरची वऱ्हाडी वळणाची मराठी. मनाची मोजपट्टी हिंदीत भरून घेतली तर ‘जीव घाबरते’ कुठल्या रकान्यात लिहायचं? वर्ग चालवणारी व्यक्ती गावातलीच असावी, आशा कार्यकर्ती किंवा सेवा मंडळातली कुणी, आणि तिला मानसोपचारतज्ज्ञानं शिकवलेलं असावं. बसण्याची वेळ प्रार्थनेनंतरची ठेवता येईल, बायकांची दुपारची. पहिल्या दिवशी डोळे मिटायला सांगण्याआधी प्रत्येकाला वेगळं बसवून विचारावं: झोप किती लागते, गोळी चालू आहे का, घरात दारू आहे का, मरावंसं वाटतं का. शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्याला त्या दिवशी ध्यानाला बसवू नये. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्याच्यासमोर लावून द्यावा, तिथं मराठीतही बोलता येतं, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्यासोबत डॉक्टरकडे जावं.